सव्वा तासाचं व्रत

“सरे, माझ्या तोंडात शेवटचं पाणी गंगेचंच घाल. ह्यांच्या नळाचं नको बाई. त्याला दवाखान्याचा वास येतो!”

मोठ्या बहिणीचं, कस्तुराबाईचं हे फर्मान सरूबाईच्या कानात कधीचं घर करून बसलं होतं. गंगा म्हणजे काशीची नव्हे हो, आपली गोदावरी! दोघी बहिणी गंगापूरकडच्या, नदीच्या काठावर वाढलेल्या. तिकडच्या माणसाला गोदावरी म्हणालात तर तो तुमच्याकडं बघत राहील, गंगा म्हणालात तर हात जोडील. कस्तुराबाई म्हातारपणी लेकाकडं, कृष्णाकडं, हैदराबादला गेली, पण तिची जीभ मात्र नदीच्याच काठावर राहिली. “घालीन,” असा शब्द सरूबाईनं दिला होता. नुसता दिला नव्हता, तर कायगावला जाऊन तांब्याचा गडू भरून आणला, तांबटाकडून त्याचं तोंड झाळून पक्कं बंद केलं आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवून दिला. रोज देवांबरोबर गडूलाही हळदकुंकू!

सरूबाई म्हणजे मऊ सुताची बाई. बोलणं इतकं हळू, की घरात मिक्सर सुरू असला तर तिचं वाक्य उद्यावर जायचं. पण व्रताच्या बाबतीत लोखंड! सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मध्ये एकादशी किंवा चतुर्थी आलीच, तर ती उरलेल्या वारांना कोपरानं ढकलून आपली जागा करून घ्यायची. सून मंजुषा म्हणायची, “आत्याबाई, तुमचा जेवणाचा दिवस कोणता तेवढा सांगून ठेवा, त्या दिवशी मी पुरण घालते.”

तो दिवस नेमका बुधवार होता, हक्काचा जेवणाचा. वैशाख चालू होता आणि सकाळी सातलाच अंगणातली फरशी तव्यासारखी तापली होती. सरूबाईची पूजा व्हायची होती, म्हणून अजून चहाही झाला नव्हता. आणि कृष्णाचा फोन आला.

“मावशी, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणले घरीच ठेवा. सारखं विचारती, सरू निघाली का, सरू निघाली का.”

सरूबाई देव्हाऱ्यासमोर होती तिथंच बसली. तिचा लेक अजिनाथ वाळूजला कारखान्यात सुपरवायझर. तो धावत आला, हातात फोन. हा फोन म्हणजे त्याचं कुलदैवत! त्याला विचारल्याशिवाय तो भाजीत मीठसुद्धा टाकत नसे. त्यानं अंगठ्यानं चार टिचक्या मारल्या आणि त्याचा चेहरा निकाल लागल्यासारखा उजळला.

“आई, रडू नको! हे बघ. संभाजीनगर ते हैदराबाद, हवाई अंतर चारशे तीस किलोमीटर. उड्डाणाला लागणारा वेळ, सव्वा तास! सव्वा तास म्हणजे काय गं? मंजू, तू कणीक मळून झाकून ठेव. ती भिजेपर्यंत आई मावशीच्या उशाशी!”

“अहो, पण इथून निघायचं, तिथं उतरायचं, मग घरी...” मंजुषा म्हणाली.

“तू नको शिकवू. वाळूजहून शिफ्टची बस घरी यायला याच्यापेक्षा जास्ती वेळ घेती!” आणि त्यानं तिथल्या तिथं कृष्णाला फोन लावला. “कृष्णा, मावशीला सांग, आमची आई सव्वा तासात येतीय. गंगा घेऊन येतीय म्हणावं!”

सरूबाईच्या कानावर सव्वा तास पडला आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं गडू दोन्ही हातांत उचलला, कपाळाला लावला आणि तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, “देवा, कस्तुराच्या तोंडात ही गंगा पडत नाही, तोवर माझ्या तोंडात पाण्याचा थेंब पडायचा नाही.”

मंजुषाच्या हातातला चिमटा खणकन खाली पडला. “आत्याबाई! उन्हाळा कसला आहे! तुमच्या बीपीच्या गोळ्या?”

“कोरड्या गिळीन.”

“असू दे गं,” अजिनाथ म्हणाला, “सव्वा तासाचा तर प्रश्न आहे! सव्वा तास तर मी शिफ्टमध्ये जांभई आवरतो!”

बायांनो, व्रत घेताना माणसानं देवाला विचारावं, पंचांगाला विचारावं, फार तर भटजींना विचारावं. फोनला विचारू नये!

कारण तिकीट काढायला बसला आणि अजिनाथच्या लक्षात आलं, की विमान सव्वा तासात पोचतं हे खरं, पण ते निघतं दुपारी चार वाजता. त्यात जागा उरली होती एकच!

“आई, असं कर,” तो घसा खाकरून म्हणाला, “आत्ता तू चहापाणी उरकून घे. व्रत चारपासून धर. सव्वा तास उडाल्यापासूनचा असतो.”

“अजिनाथ,” सरूबाई म्हणाली, “संकल्प म्हणजे काय शर्टाची गुंडी आहे? आता काढली, मग लावली?”

झालं! दुपारपर्यंत सरूबाईच्या ओठांना पापुद्रे आले. मंजुषानं पन्हं केलं आणि ते सासूला दिसू नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. घरातल्या सगळ्यांना चोरून पाणी प्यायची वेळ आली! माठाच्या तोटीचा आवाज झाला की अजिनाथ मोठ्यानं खोकायचा.

“विमानाच्या आधी लई लवकर जावं लागतं म्हणतात,” मंजुषा दोनदा म्हणाली.

“काय यष्टी आहे का जागा धरायला? सीट नंबर आहे तिकिटावर!” अजिनाथ दोनदा म्हणाला. शेवटी निघाले तेव्हा जालना रोडवर गाड्यांची अशी रांग लागली होती, की मुंग्यांनी बघून लाजावं. आई मोटारसायकलवर मागं, खांद्याला कापडी पिशवी, मांडीवर गडू. गडूवर लाल फडकं बांधलेलं, फडक्यात तुळशीचं पान खोचलेलं. चिकलठाण्याला पोचेपर्यंत अजिनाथच्या पाठीला गडूचा शिक्का उमटला.

दारावरच्या जवानानं तिकीट बघून सरूबाईला आत सोडलं आणि अजिनाथला बाहेर. “तिकडं कागद दाखव आई, मग सरळ जा!” तो काचेतून ओरडला. सरूबाईला ऐकू आलं नाही, पण तिनं मान डोलावली.

काउंटरवरच्या पोरीनं पास दिला आणि म्हणाली, “आजी, पटकन जा हं, वेळ झालीय.”

सरूबाई पटकन जाणार, तेवढ्यात तिला लघवीला लागलं. पाणी प्यालेलं नसलं तरी घोर लागला की देह आपलं करतोच. ती दारापाशी गेली आणि थबकली. हातात गंगा! गंगा घेऊन तिथं आत कसं जाणार? राम राम! तिनं इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातली एक रिकामी खुर्ची पदरानं पुसली, तिच्यावर गडू ठेवला, तुळशीचं पान नीट केलं, नमस्कार केला आणि आत गेली.

आता तुम्हीच सांगा. विमानतळाच्या खुर्चीवर, कुणाचंच नाही असं, तोंड झाळून बंद केलेलं, लाल कापडात बांधलेलं तांब्याचं भांडं! आत काहीतरी हिंदकळतंय! आणि शेजारून एक बाई नमस्कार करून घाईघाईनं निघून गेलेली!

सरूबाई बाहेर आली तेव्हा निम्मा हॉल रिकामा झाला होता. माणसं भिंतीला पाली चिकटाव्यात तशी चिकटली होती. चार जवान लांबून गडूकडं बघत होते आणि एक कुत्रा गडूला प्रदक्षिणा घालत होता.

“ये किसका है? किसका सामान है?”

“माझं,” सरूबाई म्हणाली. कुणालाच ऐकू गेलं नाही. ती सरळ चालत गेली आणि तिनं गडू उचलला. सगळा हॉल एकदम “अरेरेरे!” करून ओरडला. कुत्र्यानं गडूला नाक लावलं होतं हे तिनं बघितलं होतं. तिनं पदरानं गडू पुसला. पण मग तिला आठवलं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. पाचवं असलं तर कुठं बिघडलं! तिनं कुत्र्यालाही हात जोडले.

एक मोठे साहेब आले. मिशा पिकलेल्या, माणूस तसा सज्जन. “अम्मा, इसमें क्या है?”

“गंगा.”

“गंगाजल? बनारस का?”

“नाही, कायगावची.”

साहेबांनी कायगाव कधी ऐकलं नव्हतं. “अच्छा, पानी है ना? तो खोलिए और एक घूँट पी के दिखाइए. बस. फिर जाइए.”

“नाही पिणार,” सरूबाई म्हणाली.

साहेबांच्या मिशा किंचित हलल्या. “क्यों? पानी ही है ना?”

“पाणीच आहे. पण मी पिणार नाही.”

“थोड़ा सा?”

“थेंबसुद्धा नाही. माझा उपास आहे.”

“उपवास में पानी तो चलता है, अम्मा.”

“माझ्या ह्या उपासात नाही चालत. आणि हे झाळलेलं तोंड इथं उघडायचं नाही, तिथंच उघडायचं. ज्याच्यासाठी आहे त्याच्याच तोंडात जायचं.”

प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि प्रत्येक खऱ्या उत्तरानं सरूबाई आणखी गुन्हेगार दिसत होती! एका जवानानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. एका प्रवासी बाईनं आपलं पोर पोटाशी धरलं. साहेबांनी कपाळ पुसलं आणि दारावर निरोप पाठवला, “इनके साथ कोई है क्या?”

अजिनाथ आला. घामानं निथळलेला, पण आता आपण सगळं सुरळीत करणार या खात्रीनं फुललेला. त्यानं शहरातल्या सवयीनं हिंदी काढली.

“साब, कुछ टेंशन नै! सीधी बात है. ये पानी मरनेवाले के मुँह में डालने का है.”

“कौन मरनेवाला है?”

“हैदराबाद में हमारी मावशी. सुबह से हमारी वाट देख रई. ये पानी मुँह में डाला की बस, छुटकारा!”

साहेबांनी गडूकडं बघितलं, मग सरूबाईकडं, मग अजिनाथकडं. “आप दोनों इधर बैठिए,” ते शांतपणे म्हणाले.

दोघं बसली. नाव, गाव, मावशीचा पत्ता. कृष्णाला फोन लावला, तर त्यानं रडत रडत सांगितलं, “हाँ साहब, पानी की ही राह देख रही है.” मग कुठं साहेबांना उलगडा झाला. त्यांनी स्वतः गडू परत आणून सरूबाईच्या हातात दिला. पायातले बूट काढून, दोन्ही हातांनी दिला. “माफ कीजिए अम्मा. हमारे यहाँ भी देते हैं. लेकिन सामान में डाल देतीं तो...”

पुढचं वाक्य ऐकू आलं नाही. बाहेर विमान गरजलं. काचेतून तिघांनी बघितलं. पांढरं विमान घारीसारखं वर चढलं, वळलं आणि उन्हात विरघळून गेलं. त्यात एक खुर्ची रिकामी होती.

अजिनाथनं सवयीनं घड्याळाकडं बघितलं. “आता सव्वा तासात...” तो बोलला आणि त्यानं घड्याळावर बाही ओढली.

परत जाताना जालना रोडला एका रसवंतीच्या सावलीत त्यानं गाडी थांबवली, कारण मागं बसलेल्या आईचं डोकं त्याच्या खांद्यावर येऊन टेकलं होतं. रसाच्या चरकाचे घुंगरू छुमछुम वाजत होते. सरूबाईचे ओठ पांढरे पडले होते, जीभ टाळूला चिकटत होती. रसवाल्यानं न विचारताच पाण्याचा स्टीलचा पेला पुढं केला.

“घे ना आई,” अजिनाथ म्हणाला. आवाज आता सुपरवायझरचा नव्हता.

तिनं मान हलवली. आणि फोन वाजला.

“दादा, मावशी निघाली का नाही अजून?” कृष्णा होता. “आई पाणी घेईना रे! सकाळपासून चमचा नेला की दात आवळती. ओठ फाटले तिचे. म्हणती, सरू गंगा घेऊन येतीय, आता मधी हे कशाला पिऊ? मीच सांगितलं ना सकाळी, मावशी सव्वा तासात येतीय म्हणून! तेव्हापासनं दाराकडं बघतीय.”

अजिनाथनं फोन कानापासून लांब धरला. विमान जायच्या कितीतरी आधी त्याचा सव्वा तास हैदराबादला जाऊन पोचला होता आणि त्या म्हातारीच्या दातांत अडकून बसला होता.

सरूबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं हात पुढं केला. “कृष्णा, फोन तिच्या कानाला लाव.”

पलीकडून श्वास ऐकू आला. वाळू ओढल्यासारखा.

“कस्तुरा. पाणी पी गं.”

मग, “तू... पिलीस?”

आता सरूबाईनं आयुष्यात सगळी व्रतं केली होती, पण खोटं न बोलण्याचं व्रत मात्र कधी धरलं नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती. तिला खोटं जमतच नसे.

“नाही,” ती म्हणाली.

“मंग मी बी नाय.”

म्हातारपण आलं म्हणून काय झालं! लहानपणी एकीनं जेवण टाकलं की दुसरी ताटावरून उठायची. आई दोघींना एकाच लाटण्यानं बडवायची. सरूबाईनं डोळे मिटले. गडू मांडीवर होता. त्याच्यावर तिनं एक हात ठेवला, देवाला काय सांगायचं ते सांगितलं, आणि दुसऱ्या हातानं रसवाल्याचा पेला उचलला.

“आता पिते. तूही पी. एकदमच पिऊ.”

आणि जिचं बोलणं शेजारच्या खोलीत जात नसे, ती सरूबाई हैदराबादला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, घटाघटा आवाज करत पाणी प्यायली! रसवाला चरक थांबवून बघायला लागला.

“कसलं गं?” पलीकडून.

“रसवंतीवरचं. बर्फाचं आहे. दात शिवशिवले.”

“माझं... नळाचं. वास येतो.”

“नाक धर. एरंडेल पिताना धरायचो तसं.”

पलीकडून काहीतरी आलं. खोकला होता की हसू, ते सरूबाईलाच कळलं. मग कृष्णाचा आवाज फुटला, “घेतलं! मावशी, घेतलं! दोन चमचे घेतले!”

अजिनाथनं दुकानाच्या खांबाकडं तोंड फिरवलं आणि शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. “संध्याकाळची ट्रॅव्हल्स आहे बाबा पेट्रोल पंपावरनं,” तो म्हणाला. “मी बी येतो. सकाळी पोचूच.” या वेळी त्यानं किती तास ते सांगितलं नाही.

बाबा पेट्रोल पंपावर ऊन उतरलं होतं. तिकीट हातात आलं, आणि पुन्हा फोन. अजिनाथनं तो स्पीकरवर टाकून आईपुढं धरला.

“मावशी... आई गेली.” कृष्णा आता रडत नव्हता. “पाणी घेतलं ना, त्याच्यानंतर जरा डोळे उघडले. म्हणली, सरूला म्हणावं सावकाश ये. ऊन लई आहे. आणि मिटले.”

बसायला जागा नव्हती म्हणून सरूबाई टायरच्या ढिगाला टेकली. शेवटचं पाणी नळाचंच झालं होतं. आणि ते तिनंच पाजलं होतं, आपलं व्रत मोडून.

“आई, आता...” अजिनाथ चाचरला. “आता कशाला एवढी दगदग? मी जाऊन येतो. तू घरी...”

“कृष्णा,” सरूबाई फोनमध्ये म्हणाली, नेहमीसारखी हळू. “तिच्या तोंडात कुणी काही घालू नका. अग्नी द्यायच्या आधी माझं पाणी राहिलंय.”

“थांबवतो मावशी. पण लोक विचारत्यात, किती वेळ लागंल? उन्हाळ्याचं...”

सरूबाईचे डोळे आपसूक अजिनाथकडं गेले. त्याच्या हातात फोन होता, आणि फोनवर सकाळचं पान अजून तसंच उघडं होतं. चारशे तीस किलोमीटर. सव्वा तास. त्यानं ते बंद केलं आणि फोन तोंडाजवळ नेला.

“निघालो एवढंच सांग लोकांना,” तो म्हणाला आणि फोन खिशात घातला.

ट्रॅव्हल्सवाल्यानं गडूकडं बघून विचारलं, “आजी, डिकीत टाकू का?” सरूबाईनं नुसतं बघितलं. त्यानं पुन्हा विचारलं नाही. ती खिडकीशी बसली, गडू मांडीवर घेतला, सुकलेलं तुळशीचं पान फडक्यात नीट खोचलं. अजिनाथनं पाण्याची नवी बाटली फोडून तिच्यापुढं धरली.

“किती तास लागतात रे?” तिनं विचारलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

“नाही सांगता येत, आई.”

“मग हरकत नाही. आधी तिच्या तोंडात, मग माझ्या,” सरूबाई म्हणाली, आणि बाटली हळूच बाजूला सारली.

गाडी हलली. गडूतलं पाणी एकदा हिंदकळलं. तिनं त्याच्यावर पदर घातला, त्याला ऊन लागू नये म्हणून.